जिवाणूंची पकड मोजायला शिकताना

कॅप्सूल (जिवाणूच्या पेशीभोवतीचं बाहेरचं आवरण) म्हणजे डिंक, ती असली की पेशी जास्त चिकटणार, हे आधी डोक्यातून काढ. जाड कॅप्सूल आखूड चिकट प्रथिनांना झाकून टाकते आणि पकड उलट कमी होऊ शकते. म्हणून कॅप्सूल असलेला आणि नसलेला, दोन्ही स्ट्रेन (एकाच जिवाणूचे वेगवेगळे वाण) एकाच प्लेटवर लाव.

पद्धत क्रिस्टल व्हायोलेटचीच घे: या जांभळ्या रंगाने चिकटून राहिलेल्या पेशी रंगवायच्या आणि रंग मोजायचा. रात्रभर वाढलेलं कल्चर (पोषक माध्यमात वाढवलेले जिवाणू) १:१०० विरळ करून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर भर. २४ तास हलवायचं नाही. पाण्यात अलगद बुडवून धू. ०.१ टक्का रंग १५ मिनिटं, पुन्हा धुणं, वाळवणं. मग ३० टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये रंग विरघळवून ५५० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण वाच.

बहुतेकांचं धुण्यातच बिघडतं. पिपेटची धार थेट चिकटलेल्या पेशींच्या थरावर मारली तर तो सुटतो. कमी धुतलं तर सैल पेशीही मोजल्या जातात.

आणखी तीन गोष्टी:
- नुसत्या माध्यमाचे खळगे हवेतच, रंग प्लास्टिकलाही धरतो.
- वहीत ‘रूम टेम्परेचर’ नको. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. इन्क्युबेटर वापर, बाष्पीभवनाचा परिणाम टाळायला कडेचे खळगे पाण्याने भर.
- सतत सबकल्चर केल्याने (जुन्या कल्चरमधून पुन्हा पुन्हा नवं वाढवल्याने) कॅप्सूल हरवू शकते. ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून जपलेल्या साठ्यातून) ताजं कल्चर घे, कॅप्सूल आहे ना ते इंडिया इंकने (काळ्या शाईने) सूक्ष्मदर्शकाखाली तपास.

झीटा पोटेन्शियल (पेशीच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) मोजणं सध्या राहू दे.