सुभेदारी दिली की सार्वभौमत्व? वाइतांगी कराराचे मराठी शब्द

प्रश्न असा आला आहे: “न्यूझीलंडवर मराठीत लेख लिहिते आहे. १८४०च्या वाइतांगी करारात माओरींनी इंग्लंडच्या राणीला ‘सार्वभौमत्व’ दिलं असं लिहू, की ‘राज्यकारभार’? दोन्ही वाचायला मिळतं. शिवाय माओरी स्वतःला ‘तांगाता फेनुआ’ म्हणवतात, त्याला ‘भूमिपुत्र’ चालेल का?”

दोन्ही वाचायला मिळतं, कारण मुळात मजकूरच दोन आहेत. एक इंग्रजी, एक माओरी, आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली नाही. इंग्रजी मसुद्याबद्दल लिहीत असाल तर ‘सार्वभौमत्व’ बरोबर आहे. माओरी मसुद्याबद्दल लिहीत असाल तर चूक. आता सह्या पाहा. देशभर फिरून ५००हून जास्त सरदारांच्या सह्या घेतल्या गेल्या, त्यांतल्या इंग्रजी मजकुरावरच्या सह्या फक्त ३९. बाकी सगळ्यांनी माओरी मजकुरावर सही केली. म्हणून “माओरींनी सार्वभौमत्व दिलं” हे वाक्य ‘इंग्रजी मजकुरानुसार’ एवढं म्हटल्याशिवाय लिहू नये.

घोटाळा नेमका कुठे झाला ते जवळून बघण्यासारखं आहे. कॅप्टन विल्यम हॉब्सन हा ब्रिटिश सरकारच्या वतीने करार करायला आला होता. इंग्रजी मसुदा तयार झाल्यावर ४ फेब्रुवारी १८४० रोजी तो हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती पडला. विल्यम्सने आपल्या मुलाला, एडवर्डला, सोबत घेऊन रातोरात त्याचं माओरी भाषांतर केलं. ५ तारखेला चर्चा, ६ला सह्या. पहिल्या कलमात इंग्रजीत सार्वभौमत्व होतं, तिथे विल्यम्सने शब्द घातला ‘कावानातांगा’.

हा शब्द फोडून पाहू. माओरीत सुटा ‘ग’ नाही, ‘व्ह’ नाही आणि प्रत्येक अक्षर स्वरावरच संपतं. त्यामुळे गव्हर्नरचा झाला ‘कावाना’, जसा आपल्याकडे लॉर्डचा ‘लाट’ झाला. ‘तांगा’ हा प्रत्यय आपल्या ‘की’ किंवा ‘ई’सारखा: पाटील-पाटीलकी, सुभेदार-सुभेदारी. सुभेदार हा शब्द मी उगाच निवडलेला नाही. माओरी लोकांना ‘कावाना’ ठाऊक झाला तो एक तर सिडनीच्या गव्हर्नरमुळे, आणि दुसरं म्हणजे मिशनऱ्यांनी भाषांतरित केलेल्या बायबलमुळे. त्यात येशूचा न्यायनिवाडा करणारा रोमन अधिकारी पिलात हा ‘कावाना’ आहे, आणि जुन्या मराठी बायबलात तोच पिलात ‘सुभेदार’ आहे. येशू सुभेदारापुढे उभा राहतो. म्हणजे दोन भाषांतली जोडी आयती जुळली आहे, आपल्याला काही घडवायची गरज नाही. पहिल्या कलमात माओरींनी राणीला दिली ती सुभेदारी. सुभेदार म्हणजे लहान माणूस नव्हे, त्याच्या हाती फौज असते, तो न्याय करतो, शिक्षा देतो. पण सुभा त्याच्या मालकीचा नसतो, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या कलमात इंग्रजी म्हणतं की जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा आणि इतर मालमत्ता यांचा निर्वेध ताबा माओरींकडे राहील. ताबा, एवढंच. माओरी मजकुरात मात्र ‘ते तीनो रांगातिरातांगा’ त्यांच्याकडेच राहील असं लिहिलं आहे. ‘रांगातिरा’ म्हणजे सरदार, ‘तीनो’ म्हणजे पुरेपूर. हा शब्दही त्यांनी प्रार्थनेत ऐकलेला होता. आपण म्हणतो “तुझे राज्य येवो”, माओरी प्रार्थनेत त्या जागी “तुझी रांगातिरातांगा येवो”. बायबलचीच फूटपट्टी लावली तर पहिल्या कलमात सुभेदारी गेली, दुसऱ्यात राज्य घरीच राहिलं. सही करणाऱ्याला यात वावगं काय दिसणार?

विल्यम्सला दुसरा शब्द सुचला नसेल, असं म्हणायला जागा थोडी आहे. १८३५ साली उत्तरेकडच्या सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता, त्याचं माओरी रूपही त्यानेच केलं होतं. तिथे सार्वभौम सत्तेसाठी ‘किंगितांगा’ आणि ‘मना’ हे शब्द आहेत आणि ‘कावानातांगा’ आहे तो नुसत्या कारभाराच्या कामासाठी. (‘मना’चा आपल्या ‘मान’शी संबंध नाही. उच्चार जुळतो आणि अर्थही थोडा जुळतो, म्हणून मोह होतो.) ‘मना’ म्हणजे पूर्वजांकडून आलेला अधिकार, वजन, तेज. “आम्ही आमचा मना राणीला देतो” असं लिहिलं असतं तर किती सह्या झाल्या असत्या? विल्यम्सच्या हेतूबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, मजकुरात काय लिहिलं आहे त्याबद्दल नाहीत.

पण म्हणून सरदारांना काहीच कळलं नाही, असंही लेखात येऊ देऊ नका. ५ फेब्रुवारीच्या चर्चेत ‘ते केमारा’ नावाच्या सरदारानं आणि इतर अनेकांनी गव्हर्नरला कडाडून विरोध केला. गव्हर्नर वर आणि आम्ही खाली असं होणार, ही भीती त्यांनी तोंडावर बोलून दाखवली. तामाती वाका नेने हा सरदार कराराच्या बाजूने बोलला, तोही गोरे लोक आता परत जाणार नाहीत हे ओळखून. एप्रिलमध्ये कायताइया इथे नोपेरा पानाकारेआओ या सरदाराने सांगितलं की भूमीची सावली राणीकडे जाते आहे, भूमीचं सत्त्व आपल्याकडे राहतं आहे. पुढे त्यानेच हे विधान उलटं फिरवलं: सत्त्व तिकडे गेलं, सावली आपल्याला उरली.

हॉब्सनने तर सह्या गोळा करण्याचं काम चालू असतानाच, २१ मे १८४० रोजी, सबंध देशावर ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर करून टाकलं. उत्तर बेट करारानं मिळालं म्हणून, दक्षिण बेट ‘शोध लावला’ म्हणून.

आता ‘रांगातिरातांगा’ला मराठीत काय म्हणायचं? इथे माझी गाडी अडते. ‘सरदारकी’ म्हणावं तर आपला सरदार कुणाच्या तरी दरबारात उभा असतो. जहागीरदार, वतनदार, देशमुख हे सगळे वरून सनद आल्यावरच होतात, आणि माओरी रांगातिराला वरून सनद देणारा कुणी नव्हता. ‘मुखत्यारी’ ऐकायला झकास, पण कुलमुखत्यारपत्र म्हटलं की अधिकार मूळचा दुसऱ्याचा, हे आलंच. राहिला ‘स्वराज्य’. अर्थाच्या सगळ्यात जवळचा हाच आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी तो जपून वापरा म्हणेन. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच रायगड आणि टिळक उभे राहतात, माओरी बाजूला पडतात. माझा सल्ला: पहिल्यांदा ‘रांगातिरातांगा, म्हणजे आपल्या माणसांवर आणि भूमीवर असलेली स्वतःची पुरी सत्ता’ असं लिहा आणि पुढे मूळ शब्दच चालवा. ‘सार्वभौमत्व’ इथेही नको. त्या शब्दातच सर्व भूमीचा एक धनी गृहीत आहे. माओरींच्या जगात असा एक धनी नव्हता, प्रत्येक भावकीची आपली सत्ता होती.

‘भावकी’ मुद्दाम म्हटलं. ‘टोळी’ लिहू नका, टोळी दरोडेखोरांची असते. माओरी समाजाचे शब्द पाहिले तर सगळे देहातून, जन्मातून आलेले आहेत. ‘इवी’ म्हणजे मोठी जमात, आणि हाडही. ‘हापू’ म्हणजे भावकी, आणि गरोदर. ‘फानाउ’ म्हणजे कुटुंब, आणि जन्म देणं. ‘फेनुआ’ म्हणजे भूमी, आणि वारही, बाळंतपणात मुलामागून पडणारी ती वार. ती आपल्या भूमीत पुरायची चाल आजही आहे. “माझी नाळ या मातीत पुरली आहे” असं सहज बोलणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये.

अशी भूमी विकायची कशी? वसाहत सरकारपुढची अडचण हीच होती. १८५८च्या सुमारास गोऱ्यांची संख्या माओरींपेक्षा जास्त झाली, जमीन हवी होती. १८६३च्या कायद्यानं ‘बंडखोर’ ठरवलेल्यांच्या जमिनी जप्त झाल्या, एकट्या वाइकातो प्रदेशात १२ लाख एकरांच्या वर. त्याहून मुकाट्यानं काम केलं ते १८६५च्या कायद्यानं आणि माओरी जमिनींसाठी नेमलेल्या न्यायालयानं. शेकडो माणसांच्या सामायिक भूमीवर बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त दहा नावं चढली. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो मालक, आणि मालकाला विकायची मुभा. बाकीची भावकी कागदावरून उडाली. १८७७ साली सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी वाइतांगी करार कायद्याच्या दृष्टीनं शून्यवत असल्याचं म्हणून टाकलं, आणि १८८१मध्ये पारिहाका या निःशस्त्र बसलेल्या माओरी गावावर सुमारे १,६०० शिपाई चालून गेले.

शब्दांना पुन्हा वजन आलं ते १९७५ साली कराराच्या भंगाबद्दलच्या माओरींच्या तक्रारी ऐकणारं वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाल्यावर, कारण त्याला दोन्ही मजकूर वाचणं बंधनकारक होतं. दुसऱ्या कलमात माओरीत ‘ताओंगा’ हा शब्द आहे. मराठीत ‘ठेवा’ म्हणा, इतकं नेमकं भाषांतर क्वचित हाती लागतं. १९८६ साली न्यायाधिकरणानं निर्णय दिला की माओरी भाषा हाही ताओंगाच आहे, तिचं रक्षण करणं सरकारचं कर्तव्य आहे. १९८७मध्ये ती अधिकृत भाषा झाली. इंग्रजीतल्या ‘मालमत्ता’ या शब्दावरून हा दावा उभा करणं अवघड गेलं असतं, भाषेला कुणी मालमत्ता म्हणत नाही. पुढे २०१४ साली न्यायाधिकरणानं स्पष्टच म्हटलं की फेब्रुवारी १८४०मध्ये सह्या करणाऱ्या उत्तरेच्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलेलं नव्हतं. सरकारनं ते मानलं नाही, सार्वभौमत्व आपल्याकडेच आहे म्हणून सांगितलं. आणि २०२४मध्ये कराराच्या तत्त्वांची कायद्यानं नव्यानं व्याख्या करणारं विधेयक संसदेत आलं तेव्हा हजारो लोक वेलिंग्टनला चालत गेले. एप्रिल २०२५मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. तेव्हा तुमचा प्रश्न जुन्या कागदांपुरता नाही, तिथे आजही त्यावर मतदान होतं.

आता ‘भूमिपुत्र’. शब्दशः पाहिलं तर ‘तांगाता फेनुआ’ म्हणजे भूमीची माणसं, मग भूमिपुत्र का नको? कारण मराठीत हा शब्द नोकऱ्या, पाट्या आणि परप्रांतीय यांच्या भांडणात इतका मळला आहे की वाचक तेच वाचेल. शिवाय त्यात नुसता ‘पुत्र’ आहे, आणि १९७५चा माओरींचा जमीन-मोर्चा काढणारी फिना कूपर ही एकोणऐंशी वर्षांची आजी होती. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्याकडे अनुसूचित जमाती, वनहक्क आणि दाखले समोर येतात. ‘मूलनिवासी’त कोण आधी आलं याची मोजणी सुरू होते, आणि मग कुणीतरी हमखास म्हणतो की माओरी तरी कुठले तिथले, तेही तेराव्या शतकाच्या आसपास पॉलिनेशियातून होड्यांनी आलेले. खरं आहे, माओरी स्वतःच त्या होड्यांची नावं सांगतात, आपली कुळं त्यांवरून मोजतात. तांगाता फेनुआ असणं हे पहिलं येण्यावर नाही, भूमीशी रक्ताचं नातं असण्यावर उभं आहे. साधं ‘या भूमीची माणसं’ लिहा, त्यात काही बिघडत नाही.

एक अर्थ मात्र त्यातून निसटतो, तो प्रसंग पाहून घालावा लागेल. माराए म्हणजे भावकीचं सभास्थान. तिथे पाहुणे आले की स्वागत करणारे ते तांगाता फेनुआ आणि येणारे ते ‘मानुहिरी’. अशा वर्णनात ‘भूमीची माणसं’ अवघडून बसतं, सरळ ‘यजमान’ लिहावं. वेलिंग्टनमध्ये राहणारा बाहेरगावचा माओरीसुद्धा तिथल्या माराएवर पाहुणाच असतो, यजमान नसतो.