वर्गणी वेगळी, वाटखर्च वेगळा
वाचकांचे प्रश्न : सायकल सहली आणि मदतनिधी

प्रश्न : स.न.वि.वि. आम्ही आठ वर्गमित्र, सगळे पन्नाशीच्या आसपासचे, डिसेंबरात पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरून किनाऱ्याच्या रस्त्याने सात दिवसांत गोव्यापर्यंत सायकलने जाणार आहोत. आमच्यातील एकाची पत्नी मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. तिच्या स्मरणार्थ, गरजू रुग्णांना डायलिसिससाठी मदत करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेसाठी या निमित्ताने निधी जमवायचे ठरले. पैसे सध्या माझ्या खात्यात जमा होत आहेत. गाडी, मुक्काम आणि टी-शर्ट यांचा खर्च त्यातून भागवून उरलेली रक्कम संस्थेला द्यावी, असे काही मित्रांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का? अमेरिकेतील माझा मावसभाऊही पैसे पाठवू इच्छितो.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या मित्रांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी मला शंका नाही, तरीही त्यांची सूचना मान्य करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. थोडा हिशोब मांडून पाहा. मुक्काम आणि जेवण यांसाठी माणशी रोज दीड हजार रुपये धरले, तर आठ जणांचे सात दिवसांचे ८४,००० रुपये होतात. सोबतची गाडी, तिचा चालक आणि डिझेल यांचे समजा ३५,००० आणि टी-शर्टचे ६,००० असे धरले, तर एकूण खर्च सव्वा लाखाच्या घरात जातो. तुम्ही दोन लाख रुपये जमवलेत, तर रुग्णांपर्यंत जेमतेम ७५,००० पोहोचतील. ज्या शेजाऱ्याने किंवा सहकाऱ्याने पाचशे रुपये दिले, त्याने ते एखाद्या रुग्णाच्या उपचारासाठी दिले. त्यातील तीनशेहून अधिक रुपये आपल्या सहलीवर खर्च झाले, हे त्याला उद्या तुम्ही समोर बसून सांगू शकाल का? सांगू शकणार नसाल, तर तो खर्च त्या पैशांतून करायचा नाही. सहल आपल्या खिशातून करावी आणि जमलेला प्रत्येक रुपया संस्थेकडे जावा. एखाद्या दुकानदाराने टी-शर्टचा किंवा गाडीचा खर्च उचलायची तयारी दाखवली, तर तो आनंदाने घ्यावा. मात्र तो त्याच कारणासाठी दिला आहे, हे सर्वांना माहीत असावे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘पॅन-मॅस चॅलेंज’ नावाची सायकलफेरी आहे. आईला कर्करोगाने गमावलेल्या बिली स्टार यांनी १९८० साली ती ३६ जणांना घेऊन सुरू केली आणि बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेला पहिल्या वर्षी १०,२०० डॉलर दिले. आज तिथे सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेला मिळतो आणि आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क, प्रायोजक अशा वेगळ्या मार्गांनी भागवला जातो. एवढ्या मोठ्या उपक्रमाला जे साधते, ते आठ मित्रांना अवघड नाही.

तुमच्या खात्यात पैसे घेणे आजच थांबवावे. संस्थेशी बोलून तिच्याच खात्याचा क्यूआर कोड मागून घ्यावा आणि देणगीदारांनी थेट तिथे पैसे भरावेत. पावती देणगीदाराच्या नावाने निघणे महत्त्वाचे आहे, कारण ‘८०जी’ या नावाने आपण ओळखतो ती प्राप्तिकरातील वजावट संस्थेने पॅन क्रमांकासह नोंदवलेल्या देणगीवर मिळते. तुमच्या खात्यातून एकरकमी गेलेल्या पैशांवर ती देणगीदारांना मिळणार नाही. दोन हजारांहून अधिक देणगी रोख दिली तरी वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हेही लोकांना आधी सांगावे. आतापर्यंत जमलेली रक्कम देणाऱ्यांच्या यादीसह संस्थेकडे सुपूर्द करून तिची पोच सर्वांना दाखवावी. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात नसते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला आपल्या नावाने लोकांकडून निधी गोळा करायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे परवानगीसाठी जावे लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी हीच परवानगी घेतात. म्हणूनही पैसे संस्थेनेच घेतलेले बरे, आणि तुम्ही तिच्यासाठी आवाहन करीत आहात, असे संस्थेचे पत्र जवळ असावे.

मावसभावाच्या बाबतीत त्याचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, हे पाहावे. ते भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते परकीय अंशदान, म्हणजे परकीय देणगी, ठरत नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असूनही त्याची देणगी परकीय मानली जाते आणि २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. अशा वेळी ‘भाऊ, आधी मला पाठव, मी इथून भरतो’ हा मार्ग मुळीच स्वीकारू नये.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी दापोलीहून गणपतीपुळ्यापर्यंत सायकलने जाणार आहोत. सरावाच्या प्रत्येक फेरीत मी सर्वांच्या मागे राहते. माझ्यामुळे त्यांना खोळंबावे लागते, याचे फार वाईट वाटते. मी माघार घ्यावी का? किनाऱ्याचा रस्ता सपाट असल्यामुळे तिथे मला जमेल, असे त्या म्हणतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माघार घेऊ नका, परंतु तो रस्ता सपाट आहे, ही समजूत मात्र आधी दूर करा. कोकणात रस्ता खाडीपाशी समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडच्या तीरावरून पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढतो. दाभोळला वाशिष्ठीची खाडी जंगरने, म्हणजे वाहने नेणाऱ्या बोटीने, ओलांडून धोपावेला उतरलात की चढ, पुढे तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरलात की पुन्हा चढ. घाट एकदा चढला की संपतो; इथे दिवसभर चढउतार चालूच राहतात. सराव तशाच रस्त्यावर करावा आणि सड्यावर सावली कमी असल्याने उजाडताच निघावे.

आता तुमच्या मूळ दुःखाविषयी. पुढे गेलेल्या मैत्रिणी वळणावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात आणि शेवटची मैत्रीण धापा टाकत पोहोचली की ‘चला, आल्या!’ म्हणून निघतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज कमी त्यांना ती पूर्ण मिळते आणि जिला सर्वाधिक गरज तिला ती मिळतच नाही. तुम्ही मागे पडता, त्याला पायांतील बळाइतकीच ही रीतही कारणीभूत असू शकते. सहलीला निघण्याआधी सर्वांनी मिळून ठरवावे की थांब्याची दहा मिनिटे शेवटची मैत्रीण पोहोचल्यावर मोजायला सुरुवात होईल. सकाळी तुम्ही आणि आणखी एक जण अर्धा तास आधी निघालात, तर दुपारपर्यंत सर्व जणी एकत्र येतील. एक अनुभवी मैत्रीण, पंप आणि जादा ट्यूब घेऊन, नेहमी सर्वांत शेवटी असावी, म्हणजे तुम्हाला एकटेपण येणार नाही. सपाटीवर दुसऱ्या सायकलीच्या मागे राहिल्याने वाऱ्याचा विरोध कमी होऊन बरेच श्रम वाचतात, त्याचा लाभ जरूर घ्यावा. उतारावर मात्र भरपूर अंतर ठेवावे, कारण अरुंद रस्त्यावर वळणापलीकडे खड्डा किंवा गुरे असू शकतात. जंगरच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. जंगर चुकेल या भीतीने मागची मैत्रीण घाईने उतार उतरते, आणि तिथेच अपघात होतात.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन मित्र सांगलीहून पंढरपूरला सायकलवारी करून गावातील शाळकरी मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी पैसे जमवणार आहोत. माझी सायकल बिनगिअरची आहे. चालेल का? दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे वचन लोकांकडून घ्यावे, अशीही कल्पना आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल. त्या मार्गावर मोठा घाट नाही; अंतर दोन दिवसांत विभागावे, सीटची उंची नीट करून घ्यावी आणि चढावर सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा मानू नये. किलोमीटरमागे रकमेची कल्पना मला पसंत नाही. गुडघा दुखू लागला तरी ‘मी थांबलो तर मुलींचे पैसे कमी होतील’ या विचाराने एखादा मुलगा पेडल मारत राहतो. देणाऱ्याने रक्कम आधीच द्यावी आणि कोण किती अंतर गेले, याच्याशी तिचा संबंध नसावा. निधीचा अंदाज करताना प्रत्येक सायकलीमागे एक पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चर काढण्याचे साहित्य धरावे, आणि सायकली वाटाल त्या दिवशी मुलींना पंक्चर काढायलाही शिकवावे. वाडीवस्तीवर पंक्चरचे दुकान जवळ नसते, आणि पहिल्याच पावसाळ्यात ट्यूब फुटली की सायकल गोठ्यात उभी राहते व मुलगी पुन्हा शाळेला चालत जाऊ लागते.