देवगडात राहून स्पोर्ट बाइक घ्यावी का? आर15, आरआर 310 की आरसी 390?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: घर देवगडला, नोकरी कणकवलीला, आजवर दीडशे सीसीची साधी गाडी चालवलेली. आता स्पोर्ट बाइक हवी आहे. रोज जायला-यायला, सुट्टीत फोंडा घाटात, आणि वर्षातून एकदा खऱ्या रेसट्रॅकवर. घरचे म्हणतात, कोकणात असली गाडी म्हणजे पैसे पाण्यात.

मी रत्नागिरीचा. आधी माझ्याकडे यामाहाची आर15 होती, आता टीव्हीएस अपाचेची आरआर 310 आहे. मित्राची केटीएमची आरसी 390 आंबा घाटातही चालवली आहे आणि ट्रॅकवरही. माझं उत्तर आधीच सांगतो: गाडी घ्या, आणि या तिघींत आरआर 310 घ्या. बजेट कमी पडत असेल तर आर15 घ्या, आणि ती घेताना मन मारतोय असं वाटून घेऊ नका. आरसी 390 उत्तम गाडी आहे, पण दीडशे सीसीवरून थेट तिच्यावर जाऊ नका.

सगळ्यात आधी बसण्याबद्दल, कारण रोज दोन्ही बाजूंचा प्रवास तुम्हाला त्याच सीटवर करायचा आहे. स्पोर्ट बाइकचं हँडल खाली, फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांना चिकटलेलं असतं आणि फूटरेस्ट मागे असतात. त्यामुळे अंग पुढे झुकतं. वेगात असलं की समोरचा वारा छाती उचलून धरतो आणि मनगटावरचा भार हलका होतो. देवगड ते नांदगाव रस्त्यावर तुम्ही बहुतेक वेळ चाळीस-पन्नासनेच जाणार, तिथे वाऱ्याचा हा आधार मिळत नाही. सगळा भार मनगटावर आणि मानेच्या मागे येतो. यावर उपाय एकच: मांड्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आणि पाठ आवळून बसायचं आणि कोपर सैल सोडायचे. सवय व्हायला काही आठवडे लागतात. आरआर 310 चं हँडल आर15 पेक्षा थोडं सौम्य आहे, आणि रोजच्या वापरात तेवढा फरकही फार मोठा वाटतो. शोरूमच्या सपाट फरशीवर दोन मिनिटं बसून हे कळत नाही. टेस्ट राइड किमान अर्धा तास मागा, आणि शक्य असेल तर चढ-उताराच्या रस्त्यावर.

आता इंजिन. आर15 ची ताकद 155 सीसीला 18.4 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), तीही 10,000 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेत असताना. 7,400 च्या आसपास तिची व्हीव्हीए यंत्रणा, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी, दुसरा कॅम कामाला लावते आणि आवाजच बदलतो. घाट चढताना हिला वरच्या आरपीएममध्येच ठेवावं लागतं. आळस करून चौथ्या गिअरला चढवू म्हटलं तर ती दमते. पण गाडी सारी 142 किलोच्या आसपास, फ्रेम ताठ, आणि वळणात ती जिथे नजर जाते तिथे जाते. गिअर, वेग, ब्रेक यांचा हिशेब डोक्यात बसवायला तिच्यासारखी गाडी नाही. जे काही थोडंफार मला येतं ते आर15 वर शिकलोय.

आरआर 310 चं इंजिन 312 सीसीचं, बीएमडब्ल्यूसोबतच्या भागीदारीतून आलेलं. डिसेंबर 2017 मध्ये गाडी आली तेव्हा ताकद 34 पीएस होती, 2024 च्या सुधारणेनंतर 38 पीएस झाली. इंजिनाचं डोकं मागे कललेलं असून हवा पुढून आत येते आणि सायलेन्सरची नळी मागून निघते, त्यामुळे वजन पुढच्या चाकाकडे सरकतं. आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा तिचा रेन मोड आहे. त्यात इंजिन जोर हळू सोडतं आणि एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, लवकर जागं होतं. जून ते सप्टेंबर मी तो बदलतच नाही. शिवाय ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) 180 मिमी आहे, वाडीतल्या उंच स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही.

आरसी 390 मध्ये 373 सीसी, 43.5 पीएस आणि 37 न्यूटन-मीटर टॉर्क (खेचण्याचा जोर). 2022 च्या पिढीपासून गाडी झुकलेली असतानाही काम करणारं एबीएस आणि मागचं चाक जागेवर फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे. ट्रॅकवर या तिघींत सगळ्यात जास्त आनंद हिनेच दिला, हे मोकळेपणाने सांगतो. पण तिचा जोर मनगटाच्या बारीक हालचालीला लगेच उत्तर देतो. खड्ड्यात हात हलला तरी गाडी पुढे उसळते. नव्या हाताला ते पावसात पेलत नाही.

इथवरचं कुठल्याही गावातला माणूस सांगेल. आपला खरा प्रश्न रस्त्याचा आहे आणि त्यावर सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण घाटालाच ट्रॅक समजणारी पोरं मी दर रविवारी बघतो.

ट्रॅकवर एकच वळण दर फेरीला परत येतं. डांबर तेच, वाकण तेच, समोरून कोणी येणार नाही, चुकलात तर बाहेर मोकळी जागा, झेंडा घेऊन उभा असलेला मार्शल आणि तयार ॲम्ब्युलन्स. म्हणून तिथे प्रत्येक फेरीला ब्रेक थोडा उशिरा लावून बघता येतो. घाटातलं वळण सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरंच. मधल्या वेळात मासळीचा टेम्पो गेलेला असतो. बर्फाचं पाणी आणि माशाचं तेल यांची धार तो वळणावळणावर सांडत जातो, आणि डांबरावर ती दिसतही नाही. हेल्मेटमध्ये मासळीचा वास आला की मी त्याच क्षणी गाडी सरळ करतो, वेग उतरवतो आणि रस्त्याच्या मधल्या पट्ट्यापासून लांब राहतो. तुमच्याकडे देवगड बंदरातून घाटावर जाणारी मासळी त्याच रस्त्याने जाते, हे लक्षात ठेवा.

दुसरा शत्रू जांभ्याची माती. चिऱ्याच्या खाणीवरून निघालेले ट्रक चाकांना चिकटलेली लाल माती मोठ्या रस्त्यावर आणून सोडतात. कोरडी असताना ती बारीक खडीसारखी टायरखाली फिरते, आणि जूनच्या पहिल्या सरीत तिचा लगदा होतो. पहिला पाऊस सर्वांत घसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. पुढे श्रावण-भाद्रपदात झाडांच्या सावलीतल्या कडेला शेवाळ धरतं, म्हणजे वळणात आतल्या कडेला झुकलात की टायर शेवाळावर. पावसाळी रात्री गुरं रस्त्यावर येऊन बसतात, तेही वळणाच्या पलीकडे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांच्या गाड्या असतात. मुंबईहून रात्रभर जागून आलेला ड्रायव्हर समोरून कोणत्या बाजूने येईल याचा भरवसा धरू नका.

म्हणून मी घाटात एक पद्धत कडक पाळतो: जेवढं दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग. गाडी 38 पीएसची असो की 18 ची, या हिशेबात दोघींचा वेग सारखाच निघतो. सीसीवर जास्त पैसे घालण्यापेक्षा टायरवर घाला, असं मी म्हणतो ते याचसाठी. आरआर 310 ला कंपनीकडूनच मिशेलिन रोड 5 येतात. हे टायर ट्रॅकसाठी बनवलेले नाहीत, ओल्या रस्त्यावर पाणी कापण्यासाठी बनवलेले आहेत, आणि कोकणात मला हेच हवे होते. आर15 घेतलीत तर टायर झिजल्यावर स्वस्तातला बघू नका, ओल्यात पकडणारा रेडियल (रस्त्याला जास्त चिकटणाऱ्या बांधणीचा) टायरच घ्या. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासा.

आता खारं वारं. घरच्यांचं ‘पैसे पाण्यात’ खरं ठरू शकतं ते इथे. समुद्राजवळ मीठ प्रत्येक उघड्या धातूवर बसतं. चेन पहिली गंजते. मी ती रॉकेलने पुसतो, ब्रशने हलके घासतो आणि गाडी चालवून आल्यावर, चेन गरम असतानाच ल्यूब मारतो. पेट्रोल वापरू नका, त्याने चेनच्या आतल्या रबरी रिंगा खराब होतात. फोर्कच्या चकचकीत नळ्या ओल्या फडक्याने पुसत राहा. त्यांवर मिठाने बारीक खड्डे पडले की ते ऑइल सील कापतात आणि तेल गळून ब्रेक डिस्कपर्यंत पोहोचतं. डिस्कवर रात्रीत आलेला तांबूस गंज मात्र काळजीचा नाही, दोन-चार ब्रेक मारल्यावर जातो. कॅलिपरच्या (डिस्कला पॅडने दाबणाऱ्या भागाच्या) पिना वर्षातून एकदा काढून साफ करून ग्रीस लावून घ्या, कारण त्या अडकल्या की एकाच बाजूचं पॅड झिजतं. गाडी ताडपत्रीखाली ठेवू नका, आतल्या आत घामेजते. पडवीत, हवा खेळेल अशी ठेवा. पुळणीवर फोटोसाठी नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरची धार चाकांच्या बेअरिंगवर मारू नका.

ब्रेक ऑइलकडे आपल्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. डॉट 4 ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवीन असताना ते किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. फोंडा घाट उतरताना सतत ब्रेक लावलात, किंवा ट्रॅकवर सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात दाबलात, की ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून हाताला टेकतो. मॅन्युअल साधारण दोन वर्षं म्हणतात. आपल्या दमट हवेत मी दरवर्षी दिवाळीच्या आत बदलतो, आणि ट्रॅकवर जाण्याआधी तर नक्कीच. सर्व्हिस सेंटरवाले ‘अजून चालेल’ म्हणाले तरी आग्रह धरा. खर्च अगदी किरकोळ आहे.

ट्रॅकबद्दल. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट सुमारे 3.7 किलोमीटरचं, 12 वळणांचं आहे. मी तिथे गेलोय आणि प्रत्येक स्पोर्ट बाइकवाल्याने एकदा जावं असं मनापासून वाटतं. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, 2.1 किलोमीटरचा. छोट्या गाड्यांसाठी तो फार सुंदर, आर15 तिथे शोभते. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे 2023 मध्ये मोटोजीपी ही जागतिक बाइक शर्यत झाली, ते 300 सीसीला लांबलचक वाटतं आणि आपल्याला दूरही आहे. यांच्यापेक्षा जवळचा म्हणजे तळेगावच्या बाजूचा नानोली स्पीडवे, तिथे ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर चालवायला देण्याचे दिवस) कधी असतात ते आधी विचारून घ्या. पहिल्यांदा जाताना नुसता ट्रॅक डे न घेता शिकवणारा कोर्स घ्या. चेन्नईला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग होतात. तिथे शिकवतात ते नजर कुठे ठेवायची, ब्रेक कसा हळूहळू सोडायचा, हँडल कसं ढकलायचं. हे सगळं फोंडा घाटात, अर्ध्या वेगातही उपयोगी पडतं. माझ्यात जो फरक पडला तो इथेच: घाटात मी आता हळू जातो आणि तरी घाईत असल्यासारखं वाटत नाही.

जाताना तयारी लागते. आरसे काढायचे, दिव्यांवर चिकटपट्टी, टायरची हवा तिथले प्रशिक्षक सांगतील तेवढी. लेदर सूट, पाठीचं संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्यावरचे बूट आणि फुल फेस हेल्मेट असल्याशिवाय आत सोडत नाहीत. सूट काही ठिकाणी भाड्याने मिळतो. आणि विमा: साधी पॉलिसी रेसिंग आणि वेगाच्या चाचणीतलं नुकसान भरून देत नाही. ट्रॅकवर पडलात तर फेअरिंगचा (गाडीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा) खर्च खिशातून, हे गृहीत धरूनच जा.

पैशांचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी 18 टक्के आहे आणि त्यावरच्यांवर 40 टक्के. आर15 आणि आरआर 310 खालच्या गटात येतात, आरसी 390 वरच्या. सुटे भाग कणकवलीत किंवा कुडाळात मिळतील की कोल्हापूरहून मागवावे लागतील, ते बुकिंगच्या आधी तीन नावं घेऊन विचारा: पुढचे ब्रेक पॅड, क्लच केबल, आणि डाव्या बाजूचं फेअरिंग. उत्तर टाळाटाळीचं आलं तर दुसरं दुकान बघा. बजेट ठरवताना हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट यांची रक्कम आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी बसवा. त्यात आर15 च बसत असेल तर तीच घ्या. आणि खरेदी दसऱ्याच्या सुमारास करा, म्हणजे पहिले हजार किलोमीटर आणि पहिली सर्व्हिस कोरड्या रस्त्यावर पार पडतील आणि पुढच्या जूनपर्यंत गाडी तुमच्या हातात बसलेली असेल.