घरच्या कॉफीसाठी वनस्पतीजन्य दूध कोणतं घ्यावं आणि त्याला फेस कसा आणावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाई-म्हशीचं दूध बंद केलंय, राहणं चिपळूणला, घरात मोका पॉट (गॅसवर ठेवून दाट कॉफी काढायचं भांडं) आणि बॅटरीवर चालणारा फ्रॉदर (दुधाला फेस आणणारी फिरती तार) आहे. सोयाचं दूध कॉफीत फाटतं, बदामाच्या दुधावर फेस टिकत नाही, आणि परसात नारळ असताना पाकिटं कशाला आणायची? आमचा वेंगुर्ल्याजवळ छोटा होमस्टे आहे. सकाळी ‘ओट मिल्क आहे का’ असं विचारणारे पाहुणे आता बरेच येतात, त्यामुळे या सगळ्या दुधांशी माझा रोजचा संबंध आहे.

नारळापासूनच सुरू करते, कारण आपल्याकडे पहिला हात तिकडेच जातो. गरम, फेसाळ कॉफीसाठी नारळाचं दूध घेऊ नका. फेस धरून ठेवतात ती प्रथिनं. हवेच्या बुडबुड्याभोवती त्यांचा पातळ पडदा तयार होतो. नारळाच्या पहिल्या, घट्ट रसात फॅट वीस टक्के किंवा त्याहून जास्त असते आणि प्रथिनं त्या मानाने अगदीच कमी, त्यामुळे बुडबुडा धरला तरी लगेच बसतो. शिवाय सार करताना घरोघरी ऐकलेलं वाक्य इथेही लागू आहे: ‘रसाक उकळी काढू नको, फुटतलो.’ ऐंशी अंशांच्या आसपास त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि तेल सुटतं. बर्फाची कॉफी करायची म्हटली तर दुसरी अडचण येते. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणून थंडगार कॉफीत घट्ट रस ओतला की पांढरे कण तरंगतात. दुसरा, पातळ रस, थोडा गूळ आणि कोमट कॉफी हे मात्र चांगलं जमतं. त्यावर फेस हवाच असेल तर एक युक्ती आहे, ती पुढे सांगते.

विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात ‘मिल्क’ शोधत बसू नका, नियमांमुळे बहुतेक पाकिटांवर ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ असतं. शंभर मिलिलिटरला प्रथिनं किती ते बघा. गाईच्या दुधात ती तीन ग्रॅमच्या थोडी वर असतात आणि साखर न घातलेलं चांगलं सोया जवळपास तिथे पोचतं. बदामाच्या पाकिटात बहुतेक वेळा एक ग्रॅमही नसतं, कारण आत बदामच जेमतेम दोन-चार टक्के असतात. तुमचा फेस टिकत नाही त्याचं कारण हेच, फ्रॉदर बदलून फरक पडणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे घटकांच्या यादीत ‘आयएनएस ३४०’ आहे का ते पाहा. हे पोटॅशियमचे फॉस्फेट क्षार, कॉफीचं आम्ल सावरून घेण्यासाठी घातलेले. ‘बरिस्टा’ लिहिलेल्या, म्हणजे खास कॉफीसाठी केलेल्या पाकिटांत ते बऱ्याचदा सापडतात, सोबत अनेकदा थोडं तेलही असतं. किंमत जास्त असण्यामागे एवढं तरी कारण आहे.

आता सोया फाटण्याबद्दल. काळ्या कॉफीचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) पाचच्या आसपास असतो आणि सोयाची प्रथिनं साडेचारच्या जवळ एकमेकांना चिकटून गोळा होतात. त्यात उष्णता मिळाली की ती त्याआधीच गोळा होऊ लागतात. आम्ल घालून टोफू करतात तोही याच तत्त्वावर, म्हणजे तुमच्या कपात थोडासा टोफूच तयार होतोय. त्यामुळे आधी कॉफी बदलून बघा. कॉफीच्या दोन मुख्य जाती अरेबिका आणि रोबस्टा. हलक्या भाजणीची अरेबिका जास्त आंबट असते. गडद भाजलेली, रोबस्टा मिसळलेली किंवा चिकोरी घातलेली दक्षिणी फिल्टर कॉफीची पूड सोयाशी बरीच जुळवून घेते. मोका पॉटमधली कॉफी उकळती ओतू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. सोया फ्रिजमधून थेट न घेता कोमट करा आणि मग दुधात कॉफी हळूहळू सोडा. तरीही फाटलं तर दुधात चिमटीच्या टोकावर मावेल इतका खाण्याचा सोडा घाला. त्याहून कणभर जास्त झाला तर चव साबणासारखी लागते, म्हणून हा उपाय मी शेवटी ठेवते.

ओटचं दूध प्रथिनांच्या हिशोबात बसत नाही. शंभर मिलिलिटरला ग्रॅमभरच प्रथिनं असतात, तरी बरिस्टा पाकिटातलं ओट सगळ्यांत मऊ फेस देतं. ओटमधला बीटा-ग्लुकन हा तंतू द्रव दाट ठेवतो आणि घातलेलं तेल फेसाला सायीसारखा गुळगुळीतपणा आणतं. कारखान्यात विकरं (एन्झाइम) वापरून ओटमधल्या स्टार्चची साखर करतात, म्हणून ते वरून साखर न घालताही गोड लागतं. घरी ओट्स भिजवून, वाटून, गाळून केलेल्या दुधात हा स्टार्च तसाच राहतो आणि गरम केलं की त्याची पेज होते. इंटरनेटवर घरच्या ओट दुधाच्या कृती भरपूर आहेत. थंड प्यायला ठीक, गरम कॉफीसाठी त्यांच्या नादी लागू नका.

आपल्या भागात घरी करण्यासारखं दूध काजूचं. अख्खा काजू लागत नाही. बाजारात तुकडा किंवा कणी मागा, चवीत फरक नाही आणि भाव बराच कमी. सालीसकट भाजलेले काजू खायला छान, पण ती साल तुरट असते आणि दूध लालसर करते. म्हणून सोललेले, बिनमिठाचे घ्या. ओले काजूगर उसळीसाठी राहू द्यात, ते कॉफीत घालणं मला तरी पाप वाटतं.

पन्नास ग्रॅम काजूला तीनशे मिलिलिटर पाणी. काजू चार तास भिजवा, घाईत असाल तर अर्धा तास गरम पाण्यात. भिजवलेलं पाणी टाकून द्या. आधी अगदी थोड्या पाण्यात गंधासारखं बारीक वाटा, मगच उरलेलं पाणी घालून पुन्हा फिरवा. सगळं पाणी एकदम घातलं तर तुकडे पात्याखाली सापडत नाहीत आणि दूध रवाळ होतं. मिक्सर चांगला असेल तर गाळायची गरज नाही, नाहीतर पंच्यातून गाळा. चिमूटभर मीठ घाला. या प्रमाणात प्रथिनं अडीच टक्क्यांच्या आसपास येतात आणि फॅट म्हशीच्या दुधाइतकी. म्हणजे फेस उंच येणार नाही, पण दाट आणि मऊ येईल. काजूत स्टार्च भरपूर असतो, म्हणून सत्तर अंशांपुढे नेलं की दूध घट्ट व्हायला लागतं. पाहुण्यांसाठी मी अर्धं काजूचं आणि अर्धं साखरेविना सोया असं मिसळते. सोयाचा उग्रपणा काजू झाकतो, फेसाची उंची सोया देतं. पाहुण्यांना शेंगदाणे, काजू, सोया कशाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे मात्र आधी विचारते.

फेस आणताना तापमान पंचावन्न ते साठ अंश ठेवा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला बाहेरून बोट लावा. पटकन काढावंसं वाटलं की गॅस बंद. पाकीट आधी जोरात हलवा, घातलेलं कॅल्शियम तळाशी बसलेलं असतं. दूध उंच, अरुंद भांड्यात घ्या आणि भांडं एक तृतीयांशच भरा. फ्रॉदरची तार आधी पृष्ठभागाच्या जरा खाली धरा, म्हणजे हवा आत जाईल. आकारमान दीडपट झालं की तार खोल न्या आणि थोडी तिरकी ठेवा, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून बारीक होतील. सुरुवातीपासून तळाशी धरली तर दूध नुसतं गोल फिरत राहतं. मग भांडं ओट्यावर एकदोनदा आपटा, गोल हलवा आणि लगेच ओता. वनस्पतीजन्य दुधाचा फेस गाईच्या दुधापेक्षा लवकर वेगळा होतो, फोटो काढत बसायला वेळ नसतो. ताकाच्या रवीने करून बघायचा मोह होईल, पण तिचे बुडबुडे मोठे येतात. फ्रेंच प्रेस (जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) असेल तर तिचा दांडा भराभर वर-खाली करून फ्रॉदरपेक्षाही बारीक फेस येतो. झाकणाच्या बरणीत गरम दूध घालून हलवू नका, आत वाफेचा दाब तयार होतो आणि झाकण उडतं.

आता ती नारळाची युक्ती. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी, तिन्ही समान चमचे घेऊन फ्रॉदरने फिकट, जाड होईपर्यंत फेटा. हा फेस कॉफीतल्याच घटकांवर आणि साखरेच्या दाटपणावर उभा राहतो, दुधातल्या प्रथिनांची गरज लागत नाही. त्यामुळे नारळाच्या पातळ रसावर किंवा बदामाच्या पाकिटातल्या दुधावरही तो व्यवस्थित तरंगतो. मोका पॉटच्या कॉफीने मात्र हे होत नाही, ती त्यासाठी फारच पातळ.

घरचं काजूचं दूध फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा. पावसात दुपारभर वीज गेली असेल तर तेवढंही ठेवू नका. दमट हवेत काजूही मऊ आणि खवट होतात, म्हणून जूननंतर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तेही फ्रिजमध्येच ठेवा. आणि सुरुवात करायला दोन वेगळी पाकिटं आणू नका. एक साखरेविना सोया आणा, पाव किलो काजूकणी आणा आणि कॉफीची पूड गडद घ्या.