मशीन थांबू द्या ताई, आधी उधारी वसूल करा

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचं पत्र आहे. पाच वर्षांपासून त्या घरून कांदा-लसूण मसाला, मिसळ मसाला आणि चिवडा करून विकतात. पंधरा दुकानांत माल जातो. महिन्याची विक्री एक लाख वीस हजार, "तीस टक्के सुटतात". त्या विचारतात, "२०२७ च्या सिंहस्थात मोठी संधी आहे असं सगळे म्हणतात. उरलेले दागिने गहाण ठेवून चार लाखांचं कांडप आणि पॅकिंगचं मशीन घेऊ का? पंचवटीत गाळाही बघून ठेवलाय."

नका घेऊ. कांडपाला तुमचे महिन्याला साडेपाच हजार जातात. चार लाख बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता नऊ हजारांच्या घरात. वर वीजबिल, दुरुस्ती. म्हणजे साडेपाच वाचवायला नऊ घालवायचे.

सिंहस्थाचं म्हणाल, तर पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात, मोजक्या दिवसांच्या. त्या दिवशी गाड्या शहराबाहेर अडवतात, माणूस चालत रामकुंडावर येतो, स्नान करतो आणि परतीची वाट धरतो. तो अर्धा किलो मसाला कशाला उचलेल? २०१५ ला पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की गर्दी अंदाजापेक्षा फार कमी आली. चिवड्याची छोटी पाकिटं करा आणि पंचवटीतल्या ओळखीच्या दुकानांत रोखीने द्या. गाळ्याचं भाडं अंगावर घेऊ नका.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज तीन गोष्टी लिहिल्या आहेत, आणि मला काळजी त्यांची वाटते. दुकानदारांकडे दोन लाख साठ हजार येणं आहे. पतसंस्थेत एक लाख ऐंशी हजारांचं सोनेतारण आहे, चौदा टक्क्यांनी. आणि "बचत म्हणून" वर्षाला साठ हजार हप्त्याची विमा पॉलिसी आहे, दोन हप्ते भरलेत.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मिरचीच्या हंगामात खरेदीसाठी तुम्ही एफडी मोडायला बँकेत गेलात. तिथल्या साहेबांनी "एफडीसारखंच, पण जास्त मिळेल" म्हणत त्यातले साठ हजार विम्यात घातले. मिरचीला पैसे कमी पडले, म्हणून बांगड्या पतसंस्थेत गेल्या. हंगामात वर्षाचा माल भरायला सोनेतारण करणं चूक नाही, पण ते दिवाळीपर्यंत फिटायला हवं. तुमचं दोनदा नुसतं व्याज भरून नवं झालंय. धंद्याला पैसा लागणार हे डोळ्यांसमोर दिसत असताना एका बाईला पंधरा वर्षं अडकणारी पॉलिसी विकतात, याचा मला मनापासून संताप येतो.

तुम्ही पाठवलेला कागद पाहिला. दहा वर्षं साठ हजार भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर नऊ लाख. सहाचे नऊ दिसतात मोठे, पण परतावा पडतो चार टक्क्यांच्या आसपास. चौदाने पैसे उचलायचे आणि चारने ठेवायचे, म्हणजे प्रत्येक हप्त्यामागे वर्षाला सहा हजारांचा खड्डा.

आता "तीस टक्के सुटतात" याचा हिशोब. छत्तीस हजारांतून कांडप, गॅस, पाकिटं, मदतनीस बाईंचा पगार आणि पेट्रोल मिळून एकवीस हजार जातात. राहिले पंधरा. त्यातून सोनेतारणाच्या व्याजाचे दोन आणि पॉलिसीच्या हप्त्याचे पाच काढा. उरतात आठ हजार. रोज दहा तास राबून दिवसाला तीनशे रुपये. यात बुडीत उधारी आणि परत आलेली पाकिटं धरलेलीच नाहीत.

तुम्हाला हवं असलेलं भांडवल दुकानदारांच्या गल्ल्यात बिनव्याजी पडलंय. विक्री सव्वा लाखाच्या आत आणि येणं दोन लाख साठ, म्हणजे सरासरी दोन महिन्यांहून जास्त उधारी. ती एका महिन्यावर आणली तरी एक लाख चाळीस हजार मोकळे होतात. सोनेतारणाचा मोठा भाग तिथेच फिटतो. थोड्या भांडवलाच्या धंद्यात तोच रुपया वर्षातून किती वेळा फिरून हातात येतो, यावर सगळं असतं. साठवलेला माल धरला तर तुमचा पाच वेळाही फिरत नाही.

किराणावाल्यांशी भांडू नका. मागची पावती चुकती झाल्याशिवाय नवा माल उतरवायचा नाही, एवढंच ठरवा. जो रोख देईल त्याला शेकडा दोन रुपये सोडा, चौदा टक्क्यांच्या व्याजापेक्षा ते स्वस्तच पडतात. चार दुकानं तुटतील, तुटू द्यात. गंगापूर रोडच्या मार्टकडे मात्र एकट्याकडे नव्वद हजार आहेत आणि तो तीन महिने लावतो. तिथे कायदा उपयोगी पडेल. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, ती आधी करा. नोंदणीनंतर दिलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांत देणं बंधनकारक आहे. करार नसेल तर पंधरा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, चक्रवाढ व्याज लागतं. मार्टच्या अकाउंटंटला हे नक्की माहीत असेल. नोंदणी क्रमांक बिलावर छापा आणि शांतपणे आठवण द्या.

पॉलिसीचा तिसरा हप्ता दोन महिन्यांवर आलाय. भरू नका, ऑटो-डेबिट आधी बंद करा. शाखेत न जाता थेट विमा कंपनीकडून लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर किती; पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर शेवटी किती. पन्नास-साठ हजार मिळत असतील तर घ्या आणि त्याच दिवशी पतसंस्थेत भरा. भरलेल्या एक लाख वीस हजारांतले बरेच जातील. वाईट वाटेल, पण ते गेलेलेच आहेत. तो तोटा भरून काढायला आणखी आठ हप्ते भरण्यात अर्थ नाही.

विमा हवाच, पण यजमानांच्या नावावर. त्यांची अंबडला कंत्राटी नोकरी, दोन मुलं, आणि सध्याच्या पॉलिसीत संरक्षण जेमतेम सहा लाखांचं. पन्नास लाखांचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. जुनी पॉलिसी नवा टर्म हाती आल्यावरच सोडा.

मशीनचा विचार कांडपाचा खर्च नऊ-दहा हजारांवर गेला आणि निम्मी विक्री रोखीत आली, की करू. तेव्हाही दागिने कपाटातच राहू द्या. पाच लाखांपर्यंतचं मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळतं. त्याच्यासोबत कोणी पॉलिसीचा अर्ज पुढे सरकवला, तर सही करू नका. "कर्जासाठी हे सक्तीचं आहे" असं लेखी द्या म्हणा. ते देणार नाहीत.