कविता लिहायची आहे, पण छंद-वृत्तातलं काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?

अष्टाक्षरीपासून करा. प्रत्येक चरणात ८ अक्षरं, एवढंच सांभाळायचं. लघु-गुरू, म्हणजे अक्षराचा उच्चार आखूड की लांब, हे बघायचं नाही, जोडाक्षरही एकच धरायचं. नियम सोपा आहे, पण तो शब्द पारखायला लावतो, म्हणून नवख्यांना मी आधी हाच सुचवतो. समजा ओळ सुचली, ‘पाऊस आला आणि गेला’. मोजली तर ९ अक्षरं. एक कमी करायला बसलं की कळतं, ‘आणि’ उगाच जागा अडवून बसलाय. ‘पाऊस येऊन गेला’ केलं की ८ होतात आणि ओळही सुटसुटीत होते. ही खटपट शंभर व्याख्या पाठ करण्यापेक्षा जास्त शिकवते. हात बसला की मोठा अभंग घ्या: ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक.

अक्षरगणवृत्तं, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेली वृत्तं, त्यानंतर. त्यात पहिलं भुजंगप्रयात: ओळीत १२ अक्षरं, ‘लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार वेळा. ‘निघाला’ हा शब्द म्हणजे नेमका एक लगागा. मनाचे श्लोक याच वृत्तात असल्यामुळे चाल बहुतेकांच्या कानात आधीच असते. आपली ओळ त्या चालीवर मोठ्याने म्हणून बघा. अडखळलात तर चूक तिथेच आहे.

मुक्तछंदच लिहायचा असेल तर हा क्रम बंधनकारक नाही. तिथे अक्षरं मोजायची नसतात, पण ओळ कुठे तोडायची हे सर्वस्वी तुम्हीच ठरवायचं, आणि मला तरी ते जास्त अवघड वाटतं.