जीपला हिरवा रंग द्यायच्या आधी माझी कर्मकहाणी वाचा

गाडीला कोणता रंग द्यावा, हा तुमचा प्रश्न वाचला आणि बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "अरे, हा तर तूच!" 2012 ची थार, सॉफ्ट टॉप, रंग उडालेला, आणि पर्याय तीन: मिलिटरीवाला हिरवा, मॅट काळा, नाहीतर बदामी. माझ्या जुन्या महिंद्रा एमएम 540 जीपसाठी मी केलेली यादी हुबेहूब हीच होती.

डेंटिंग, गंज, प्रायमर हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल असं धरतो. थेट हिरव्यावर येतो, कारण माझे पैसे आणि सुट्ट्या तिथेच बुडाल्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लिलावात घेतलेली लष्कराची जिप्सीसुद्धा तुमच्या नावावर झाली की त्या रंगात ठेवता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच जास्तीची हुशारी केली. पुण्यात खडकीत, कॅम्पात रोज लष्कराच्या गाड्या बघणारा माणूस मी. त्यांच्यापेक्षा जरा निळसर, जरा गडद अशी शेड स्वतः उभं राहून मिसळून घेतली. मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो, हा ऑलिव्ह नाहीच. आधी गाडी रंगवली आणि मग आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, रंग बदलायचा अर्ज आरटीओत केला. उलटं करायला हवं होतं.

अर्जाला पेंटरचं बिल जोडलं. ते मी वाचलंच नव्हतं. पेंटरने निळ्या बॉलपेनने, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "फुल बॉडी, ओजी कलर". ओजी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, आणि त्याच्या लेखी कुठलाही काळपट हिरवा म्हणजे ओजी! खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अर्ज परत सरकवला.

दुसरं बिल आणतो म्हटलं, तर "म्हणजे आता बिल बदलणार का?" गाडीच दाखवतो म्हटलं, तर गाडी बघणारे साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला साहेब भेटले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मला तर हिरवी दिसतेय." अहो, हिरवी आहेच की! ऑलिव्ह कुठे संपतो आणि साधा हिरवा कुठे सुरू होतो, हे त्यांनाही सांगता येईना आणि मलाही. तिसऱ्यांदा गेलो तर तिथे तिसरेच कोणीतरी, आणि त्यांनी मला परत पहिल्या खिडकीवर धाडलं. लेखी नकार द्या म्हटलं, तर तोही मिळेना. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. चौथ्या खेपेनंतर हात टेकले आणि गाडी पुन्हा रंगवली. वर्षात दोनदा. आकडा इथे टाकत नाही, घरचे वाचतात.

"आरसीवर रंग कोण बघतंय?" असं सांगणारे तुम्हाला भेटतीलच. तुमची गाडी 2027 मध्ये 15 वर्षांची होईल. खासगी गाडीची नोंदणी त्यानंतर दर 5 वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते. कागदावर लाल आणि समोर हिरवी, हे तेव्हा नक्की बघतात. मी ना वकील, ना एजंट; नियमाचं तुम्ही स्वतः विचारून खात्री करा. पण माझं मत पक्कं आहे: शेड निवडायच्या आधी आरसीवर कोणता शब्द पडणार ते ठरवा. पांढरा, करडा, बदामी, असा वाद होणार नाही असा. आणि पेंटरचं बिल खिशात घालण्याआधी वाचा. विमा कंपनीलाही रंग बदलल्याचं लेखी कळवून ठेवा.

मॅट काळा? फोटोत झकास दिसतो, कबूल. पण करवंदाच्या जाळीतून एकदा गाडी काढलीत की अंगभर पांढऱ्या रेघा, आणि मॅटवर रबिंग चालत नाही, घासाल तिथे चकाकी येते. शिवाय एप्रिलच्या उन्हात काळ्या पत्र्याला हात लावून बघा. काळा लावायचाच तर फक्त बॉनेटवर, मॅट. डोळ्यांवर ऊन परतत नाही, तेवढा खरा फायदा.

बदामी घ्या. साधा, मेटॅलिक नको. मेटॅलिकचा टचअप कितीही चांगला केला तरी ठिगळासारखा उठून दिसतो. आपल्याकडची मुरमाची धूळ बदामीवर कळतही नाही. ताम्हिणी उतरून कोकणात गेलात की लाल माती दिसणार, पण ती कुठल्या रंगावर दिसत नाही? माझी आता करडी आहे आणि मला बदामीच घ्यायला हवा होता असं दर ट्रिपला वाटतं.

शेडकार्डवर जाऊ नका, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको. एखाद्या जुन्या पत्र्यावर किंवा इंधनाच्या टाकीच्या झाकणावर मारून घ्या आणि दुपारी बारा वाजता व संध्याकाळी, दोन्ही वेळा उन्हात बघा. दारं, बॉनेट, सीट सगळं उतरवूनच रंगवायला सांगा. माझ्या पेंटरने दुसऱ्या वेळी बिजागऱ्यांच्या मागे हात घातलाच नाही, तिथे हिरवा अजून आहे. अर्धा लिटर रंग हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) न घालता बाजूला मागून घ्या, डब्यावर शेडचा कोड लिहून.

आणि गॅरेजला रंगकामाचं चांगलं बंदिस्त बूथ नसेल तर पावसाळ्यात अजिबात नको, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. कागदांना किती दिवस लागतील ते धरून आत्ताच अर्जाची चौकशी सुरू करा, म्हणजे मेअखेर गाडी रंगून बाहेर पडेल.